एनएफएस अडलं की कुठून शोधायचं: लिनक्स, फ्रीबीएसडी आणि मॅक एकत्र वापरणाऱ्यांसाठी

मालवणात माझ्या मावसभावाचा फोटो-व्हिडिओचा स्टुडिओ आहे. लग्नं, साखरपुडे, गणपतीतली भजनं आणि तारकर्लीला पाण्याखाली उतरणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ, असं काम बारा महिने चालू असतं. माडीवर एक जुना डेस्कटॉप सर्व्हर म्हणून ठेवला आहे. त्यावर फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम, आणि झेडएफएसखाली (डिस्कवर फायली मांडून ठेवणारी व्यवस्था, म्हणजे फाइलसिस्टिम) एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या दोन हार्डडिस्क. खाली दुकानात उबंटूचे दोन संगणक आणि एडिटिंगसाठी एक मॅकबुक. मशिनी तीन तऱ्हेच्या, पण घराणं एकच, युनिक्सचं. सगळे फोटो सर्व्हरवर असतात आणि बाकीच्या मशिनींना, म्हणजे क्लायंटना, ते एनएफएसमधून मिळतात. एनएफएस म्हणजे एका मशिनीवरचं फोल्डर नेटवर्कवरून दुसरीवर आपलंच असल्यासारखं वापरायची पद्धत, आणि असं फोल्डर जोडून घेणं म्हणजे 'माउंट' करणं.

मी राहतो कुडाळला. त्यामुळे निम्मी दुरुस्ती फोनवरच होते. "दादा, फोल्डर उघडता, पण आत काय्येक नाय," असा फोन आला की मी त्याला ठरलेल्या क्रमाने प्रश्न विचारत जातो. तोच क्रम इथे लिहितो आहे. कमांडही फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत करायच्या, आणि 'डॅश' म्हटलं की आडवी छोटी रेघ.

थोडं आधी एनएफएसबद्दल. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये ही पद्धत आणली. आज आपल्या कामाच्या आवृत्त्या दोन: १९९५ ची आवृत्ती ३ आणि २००० पासूनची आवृत्ती ४. आवृत्ती ३ चालायला चार-पाच वेगवेगळ्या सेवा लागतात आणि त्या वेगवेगळ्या पोर्टवर, म्हणजे मशिनीच्या नंबर दिलेल्या दारांवर, बसतात. आवृत्ती ४ ने सगळं एका पोर्टवर आणलं, २०४९. हा फरक लक्षात ठेवा, पुढे वारंवार लागेल.

आणि एक पथ्य. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदललेलं कागदावर लिहा. नवखा माणूस घाबरून फायरवॉल (नको ती जोडणी अडवणारा पहारा) बंद करतो, सगळ्या फायलींना सीएचमॉड ७७७ मारतो (म्हणजे कुणालाही काहीही करायची परवानगी देतो), आवृत्ती बदलतो, राउटर रीस्टार्ट करतो. मग फोल्डर दिसायला लागलं तरी कशामुळे दिसलं ते कळत नाही, आणि ७७७ तसंच राहून जातं.

पायरी १: वायर आणि पत्ता

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ही पायरी गाळू नये. खाऱ्या हवेत आरजे-४५ प्लगच्या (नेटवर्क केबलच्या टोकाच्या) धातूच्या पट्ट्यांवर हिरवट थर चढतो. गिगाबिटला केबलमधल्या आठही तारा लागतात, १०० मेगाबिटला चारच पुरतात. त्यामुळे उरलेल्या चारांतली एखादी तार नीट लागेनाशी झाली की जोडणी तुटत नाही, गुपचूप १०० वर उतरते. मग मावसभाऊ म्हणतो, "कॉपी हळू झालीय," आणि आपण एनएफएसच्या सेटिंगमध्ये तासभर घालवतो. उबंटूवर 'ईथटूल' आणि पुढे नेटवर्क कार्डाचं नाव दिलं की वेग दिसतो. फ्रीबीएसडीवर 'आयएफकॉन्फिग'मध्ये 'मीडिया'ची ओळ पाहा. १००० च्या जागी १०० दिसलं तर आधी केबल बदला. तयार केलेली एक जादा केबल घरात असावीच.

मग पत्ता. क्लायंटवरून सर्व्हरला पिंग करा, म्हणजे जागा आहेस का अशी हाक मारा. उत्तर आलं नाही तर सर्व्हरचा आयपी पत्ता बदलला आहे का ते पाहा. मे महिन्याच्या शेवटी वळवाचा पाऊस सुरू झाला की दिवसातून चार वेळा लाइट जाते, राउटर पुन्हा सुरू होतो आणि वाटेल त्याला वाटेल तो पत्ता देतो. राउटरमध्ये जाऊन सर्व्हरच्या मॅक पत्त्यासाठी (हा नेटवर्क कार्डाचा ओळख-आकडा, ॲपलच्या मॅकशी त्याचा संबंध नाही) एक आयपी कायमचा राखून ठेवा. आमच्याकडे एकदा इंटरनेट पुरवणाऱ्याने राउटरच बदलून दिला. जुना १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत होता, नवा १९२.१६८.२९ ने सुरू होणारे. पिंग चालत होतं, इंटरनेट चालत होतं, फोल्डर मात्र उघडेना. कारण सर्व्हरच्या यादीत परवानगी अजून जुन्या पत्त्यांनाच होती.

वायफायवरची मशीन असेल तर ती 'गेस्ट' नेटवर्कला जोडलेली नाही ना, एवढं पाहा. गेस्ट नेटवर्कवर बहुतेक राउटर मशिनींना एकमेकींशी बोलू देत नाहीत.

पायरी २: सर्व्हर ऐकतो आहे का

क्लायंटवरून 'एनसी डॅश झेडव्ही', पुढे सर्व्हरचा पत्ता आणि २०४९. ही कमांड तिन्ही सिस्टिमवर चालते. तीन उत्तरं येऊ शकतात. जोडलं गेलं, तर पुढच्या पायरीवर जा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं, तर मशीन जागी आहे पण सेवा चालू नाही. कमांड नुसतीच ताटकळली आणि शेवटी 'टाइम्ड आउट' आलं, तर वाटेत फायरवॉल आहे. 'रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' यांतला हा फरक कळला की निम्मा शोध संपतो.

फ्रीबीएसडीवर आरसी डॉट कॉन्फ या फाइलमध्ये आरपीसीबाइंड (कुठली सेवा कुठल्या पोर्टवर ते सांगणारा), माउंटडी (माउंटची मागणी तपासणारा) आणि एनएफएस सर्व्हर या तिघांच्या 'एनेबल' ओळी 'येस' हव्यात. आवृत्ती ४ हवी असेल तर एनएफएसव्ही४ सर्व्हरची ओळही. लिनक्सवर 'सिस्टिमसीटीएल स्टेटस एनएफएस-सर्व्हर' बघा.

आवृत्ती ३ वापरत असाल तर २०४९ उघडं असून भागत नाही. १११ वरचा आरपीसीबाइंड आणि शिवाय माउंटडी, आणि फायलींची कुलपं सांभाळणारे स्टॅटडी, लॉकडी हेही लागतात. 'आरपीसीइन्फो डॅश पी' आणि सर्व्हरचा पत्ता दिला की कोण कुठल्या पोर्टवर बसलं आहे ती यादी मिळते. माउंटडीचा पोर्ट ठरलेला नसतो, प्रत्येक वेळी सुरू होताना बदलू शकतो. म्हणूनच काल चालणारी फायरवॉल आज अडवते. यावर दोन उपाय: माउंटडीला ठरावीक पोर्ट बांधून द्या, नाहीतर आवृत्ती ४ वर जा. मी दुसरा सुचवतो.

'शोमाउंट डॅश ई' ही कमांड सगळीकडे सांगितलेली सापडते, पण ती माउंटडीला विचारते. सर्व्हर फक्त आवृत्ती ४ देत असेल तर ती चुकीचा निरोप देईल आणि सर्व्हर मात्र ठणठणीत असेल. तिच्यावरून निदान करू नका.

पायरी ३: एक्स्पोर्ट्सची फाइल

कुठलं फोल्डर कुणाला द्यायचं ते सांगणारी, ईटीसी फोल्डरमधली एक्स्पोर्ट्स ही फाइल तिन्ही सिस्टिमवर याच नावाने असते, पण प्रत्येकीचं व्याकरण निराळं आहे. लिनक्सवर चालणारी ओळ फ्रीबीएसडीवर चिकटवली की ती चालत नाही. नवखी माणसं सगळ्यात जास्त इथेच अडतात.

लिनक्सवर आधी फोल्डर, मग नेटवर्क (१९२.१६८.१.०/२४ म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे सगळे पत्ते), आणि नेटवर्काला खेटून कंसात पर्याय:

/टँक/फोटो १९२.१६८.१.०/२४(आरडब्ल्यू,सिंक)

कंसाच्या आधी जागा सोडू नका. एका जागेने अर्थ पार बदलतो. जागा सोडली तर लिनक्सला वाटतं, या नेटवर्काला मूळ पर्याय द्यायचे, म्हणजे फक्त वाचायची परवानगी, आणि कंसातले पर्याय जगातल्या कुठल्याही पत्त्याला. तुमच्याच मशिनीला लिहिता येत नाही आणि परक्याला येतं. फाइल बदलली की 'एक्स्पोर्टएफएस डॅश आरए', मग 'एक्स्पोर्टएफएस डॅश व्ही' देऊन सर्व्हरने काय समजून घेतलं ते वाचा. फाइलमध्ये आपण काय लिहिलं ते पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा हे वाचणं उपयोगी.

फ्रीबीएसडीवर कंस नसतात. पर्याय डॅशने सुरू होतात:

/टँक/फोटो -मॅपऑल=स्टुडिओ -नेटवर्क १९२.१६८.१.०/२४

एका फाइलसिस्टिममधली एकाच नेटवर्काला द्यायची सगळी फोल्डरं इथे एकाच ओळीत लिहावी लागतात. दोन ओळी केल्या तर दुसरी नाकारली जाते, आणि तक्रार पडद्यावर न येता व्हार-लॉग-मेसेजेस या फाइलमध्ये 'बॅड एक्स्पोर्ट्स लिस्ट लाइन' अशी पडते. बदल केल्यावर 'सर्व्हिस माउंटडी रीलोड'. झेडएफएसची स्वतःची 'शेअरएनएफएस' नावाची सोयही आहे. ती वापरा किंवा एक्स्पोर्ट्स फाइल वापरा, दोन्ही एकाच फोल्डरला लावू नका.

आवृत्ती ४ साठी फ्रीबीएसडीला आणखी एक ओळ लागते. 'व्ही४' (इथे व्ही मोठ्या अक्षरात), लगेच कोलन, आणि मुळाचं फोल्डर. मूळ /टँक ठेवलं, तर क्लायंटला रस्ता /फोटो असा द्यायचा, /टँक/फोटो असा नाही. पूर्ण रस्ता दिला की 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' येतं आणि माणूस गोंधळतो, कारण फोल्डर तर डोळ्यांसमोर आहे.

मॅक सर्व्हर असेल तर 'एनएफएसडी चेकएक्स्पोर्ट्स' ही कमांड फाइलमधल्या चुका आधीच सांगते. चांगली सोय आहे.

पायरी ४: माउंट करताना

लिनक्सने 'रॉन्ग एफएस टाइप, बॅड ऑप्शन' असं लांबलचक काही म्हटलं तर बहुतेक वेळा क्लायंटवर पॅकेजच नसतं. डेबियन-उबंटूवर 'एनएफएस-कॉमन', फेडोरावर 'एनएफएस-युटिल्स' बसवा. 'ॲक्सेस डिनाइड बाय सर्व्हर' आलं तर पायरी ३ वर परत जा. 'प्रोटोकॉल नॉट सपोर्टेड' म्हणजे आवृत्ती जुळत नाही, ती 'व्हर्स=' पर्यायाने स्पष्ट सांगा.

मॅकची गोष्ट वेगळी. उबंटूवर सगळं चालतं आणि मॅकवर मात्र 'ऑपरेशन नॉट परमिटेड'. याचं कारण जुनं आहे. युनिक्सवर १०२४ च्या खालचे पोर्ट फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या वापरकर्त्याला, वापरता येतात, म्हणून सर्व्हर अशा पोर्टवरून आलेल्यालाच विश्वासाचा मानतो. मॅक आपणहून वरच्या पोर्टवरून जातो आणि नाकारला जातो. उपाय 'रिझर्व्ह्ड पोर्ट' मागण्याचा. पर्यायाचं स्पेलिंग आर-ई-एस-व्ही आणि लगेच पोर्ट. दर वेळी टाइप करायचं नसेल तर मॅकच्या ईटीसीमधल्या एनएफएस डॉट कॉन्फमध्ये 'एनएफएस डॉट क्लायंट डॉट माउंट डॉट ऑप्शन्स' या ओळीत तो लिहून ठेवा. मग फाइंडरच्या 'कनेक्ट टू सर्व्हर'मधूनही तो लागू होतो. लिनक्स सर्व्हरवर 'इनसिक्युअर' लिहूनही प्रश्न सुटतो, पण एका मॅकसाठी सर्व्हर सैल करू नये असं माझं मत.

माउंट झाल्यावर 'एनएफएसस्टॅट डॅश एम' जरूर चालवा. कुठली आवृत्ती, कुठले पर्याय प्रत्यक्षात लागले ते तिन्ही सिस्टिमवर यात दिसतं. आपण ४ मागितलं असं वाटत असतं आणि चाललेलं असतं ३.

पायरी ५: दिसतं, पण लिहिता येत नाही

एनएफएस साध्या रचनेत तुमचं नाव ओळखत नाही, आकडा ओळखतो. प्रत्येक वापरकर्त्याला एक युआयडी असतो. उबंटू पहिल्या वापरकर्त्याला १००० देतं, फ्रीबीएसडी १००१, मॅक ५०१. आता आमच्या स्टुडिओत तिन्हीकडे वापरकर्त्याचं नाव एकच, स्टुडिओ. मावसभावाच्या लेखी तो एकच माणूस. सर्व्हरच्या लेखी मात्र तीन अनोळखी माणसं, आणि फायलींचा मालक त्यांतला एकच. प्रत्येक मशिनीवर 'आयडी' ही कमांड चालवा आणि आकडे शेजारी-शेजारी लिहा. कारण समोरच दिसेल.

उपाय दोन. एक, सगळीकडे आकडे सारखे करणं. लिनक्सवर 'युजरमॉड डॅश यू' ने होतं, मग जुन्या फायलींची मालकीही बदलावी लागते. मॅकवर मुख्य खात्याचा आकडा बदलण्याच्या भानगडीत पडू नका, लॉगिनच बिघडायची भीती. दुसरा उपाय लहान जागेला बरा पडतो. सर्व्हरलाच सांगायचं की या नेटवर्कातून कोणीही आलं तरी त्याला 'स्टुडिओ' समज. फ्रीबीएसडीवर वरच्या ओळीतलं 'मॅपऑल' हेच करतं. लिनक्सवर 'ऑल_स्क्वॉश' आणि त्याबरोबर 'अ‍ॅनॉनयुआयडी', 'अ‍ॅनॉनजीआयडी' हे आकडे. यात कुठली फाइल कोणी बनवली ते कळत नाही, ते ज्यांना हवं त्यांनी पहिला उपाय करावा.

सुडो लावून, म्हणजे रूट होऊनही, लिहिता येत नाही अशी तक्रार आली तर ती चूक नव्हे. सर्व्हर बाहेरच्या रूटला मुद्दाम 'नोबडी' करतो. ते तसंच राहू द्या.

आवृत्ती ४ वर सगळ्या फायलींचा मालक 'नोबडी' दिसतो, अशीही एक तक्रार असते. ही आवृत्ती मालकाचं नाव डोमेनसकट पाठवते आणि दोन्हीकडचं डोमेन जुळलं नाही की 'नोबडी' दिसतं. लिनक्सवर आयडीमॅपडी डॉट कॉन्फमध्ये, फ्रीबीएसडीवर एनएफएसयुजरडीच्या डोमेन पर्यायात एकच नाव लिहा, आणि लिनक्सवर 'एनएफएसआयडीमॅप डॅश सी' देऊन जुनी आठवण पुसा. पण त्याआधी एक फाइल लिहून पाहा. साध्या रचनेत परवानगी आकड्यावरूनच ठरते. 'नोबडी' दिसत असूनही लिहिता येत असेल तर दोष फक्त दिसण्याचा आहे, घाई नाही.

पायरी ६: फोल्डर उघडतं, आत काही नाही

वर सांगितलेला तो फोन. मावसभावाने नवीन वर्षासाठी सर्व्हरवर 'झेडएफएस क्रिएट' करून फोटोच्या आत २०२५ नावाचा नवा डेटासेट केला होता. सर्व्हरवर त्यात फायली होत्या. उबंटूवर फोल्डर दिसे, पण रिकामं.

झेडएफएसमध्ये प्रत्येक डेटासेट ही स्वतंत्र फाइलसिस्टिम असते. एनएफएसने फोटो दिलं म्हणजे त्यात बसवलेली दुसरी फाइलसिस्टिम आपोआप दिली जात नाही. क्लायंटला दिसतं ते त्या जागेवरचं मूळ रिकामं फोल्डर. घर तेच, पण आपण शेजारच्या दाराने आत गेलो असं समजा.

धोका पुढे आहे. दुकानातल्या मुलाने ते फोल्डर रिकामं पाहून त्यातच दिवसभराचे फोटो टाकले. ते उबंटूवर दिसत होते, सर्व्हरवर नाहीत. फोटो गेले म्हणून सगळ्यांचे चेहरे उतरले. ते गेले नव्हते. ते खालच्या मूळ फोल्डरमध्ये होते आणि वर बसलेल्या डेटासेटने झाकले होते. सर्व्हरवर सगळ्यांचं काम थांबवून 'झेडएफएस अनमाउंट' केलं, खालचे फोटो बाजूला दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवले, डेटासेट पुन्हा बसवला. एक फाइलही गेली नाही.

कायमचा उपाय: नव्या डेटासेटची वेगळी ओळ एक्स्पोर्ट्समध्ये लिहा आणि माउंटडी रीलोड करा. आवृत्ती ४ चा क्लायंट मग आपणहून आत शिरतो. आवृत्ती ३ ला तो डेटासेट वेगळा माउंट करावा लागतो. लिनक्स सर्व्हरवर हेच काम 'क्रॉसएमएनटी' करतं.

पायरी ७: मराठी नावांच्या फायली

यावर मराठीत फारसं कोणी लिहीत नाही आणि आपल्याला तर रोज लागतं, म्हणून जरा थांबून सांगतो.

'किनाऱ्यावरचं लग्न' या नावाचं फोल्डर मॅकवरून सर्व्हरवर ठेवलं. उबंटूवर ते नीट दिसतं. पण टर्मिनलमध्ये तेच नाव टाइप केलं तर 'नो सच फाइल'. शोधलं तर सापडत नाही. त्याच नावाचं दुसरं फोल्डर केलं तर तेही होतं, आणि एका जागी एकाच नावाची दोन फोल्डरं बसलेली दिसतात.

कारण त्या 'ऱ'मध्ये आहे. किनाऱ्यावर, दऱ्या, पऱ्या या शब्दांतला ऱ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक अखंड अक्षर म्हणून, किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता अशी दोन चिन्हं म्हणून. दिसायला दोन्ही सारखेच. मॅकचे बरेच प्रोग्रॅम फायलींची नावं फोडून पाठवतात, लिनक्सचा कीबोर्ड अखंड अक्षर देतो, आणि सर्व्हर बाइट जसेच्या तसे ठेवतो. त्याच्या लेखी ती दोन निराळी नावं.

खात्री करायची तर उबंटूवर 'एलएस'चं उत्तर पाइपने 'हेक्सडंप डॅश सी'ला द्या (इथे सी मोठ्या अक्षरात). अखंड ऱ असेल तर ई० ए४ बी१ असे तीन बाइट दिसतील. फुटका असेल तर ई० ए४ बी० आणि लगेच ई० ए४ बीसी. एकदा डोळ्यांनी पाहिलं की शंका राहत नाही.

मॅकवर माउंट करताना 'एनएफसी' हा पर्याय द्या, म्हणजे नावं जोडून पाठवली जातील. आधीच फुटलेली नावं 'कॉन्व्हएमव्ही' या प्रोग्रॅमने जोडता येतात. तो आधी फक्त काय बदलेल ते दाखवतो, 'नोटेस्ट' पर्याय दिल्याशिवाय खरं बदलत नाही. यादी शांतपणे वाचा आणि मगच तो पर्याय द्या. झेडएफएसला ही दोन रूपं एकच मानायला सांगता येतं, पण ते 'नॉर्मलायझेशन' डेटासेट तयार करतानाच ठरवावं लागतं, नंतर नाही.

आणखी एक तिसरं रूप आहे. काही जुने मराठी कीबोर्ड हाच ऱ्य साध्या र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून लिहितात. बाइटमध्ये ते ई२ ८० ८डी असं दिसतं. हे वरच्या कुठल्याच उपायाने जुळत नाही. स्टुडिओतल्या सगळ्या मशिनींवर एकच कीबोर्ड ठेवणं हा त्यावरचा मार्ग.

लांबीचंही बंधन आहे. लिनक्सच्या ईएक्सटी४ वर आणि झेडएफएसवर एका नावाला २५५ बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, मात्रा आणि अनुस्वार धरून. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. मॅकची मर्यादा बाइटमध्ये नाही, अक्षरांत मोजलेली आहे, म्हणून तिथे बसलेलं वधू-वरांच्या नावगावासकटचं लांब नाव सर्व्हरवर जाताना 'फाइल नेम टू लाँग' म्हणून अडतं.

पायरी ८: लाइट आल्यावर

लाइट येते तेव्हा सगळ्या मशिनी एकदम उठतात. उबंटू आधी तयार होतं, सर्व्हर अजून सुरूच होत असतो. माउंट फसतं, किंवा उबंटू सुरू होतानाच अडकून बसतं. एफएसटॅब या माउंटच्या यादीतल्या ओळीत 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी डॉट ऑटोमाउंट' हे पर्याय द्या. मग फोल्डर कोणी उघडेल तेव्हाच माउंट होतं.

मध्येच सर्व्हर गेला तर क्लायंटवर 'सर्व्हर नॉट रिस्पॉन्डिंग, स्टिल ट्रायिंग' येतं आणि उघडलेला प्रोग्रॅम गोठतो. हे 'हार्ड' माउंटचं ठरलेलं वागणं आहे. सर्व्हर परतला की काम जिथे थांबलं तिथून पुढे जातं. ताटकळणं टाळायला 'सॉफ्ट' लावण्याचा सल्ला मिळेल, पण लिहिता-लिहिता हार मानलेली फाइल अर्धवट राहते. फोटोंच्या बाबतीत मी तो धोका पत्करत नाही. तसंच 'असिंक'चं. त्याने वेग वाढतो, पण सर्व्हर डिस्कवर न लिहिताच 'झालं' म्हणतो. यूपीएस नसताना, तेही कोकणातल्या पावसाळ्यात, असिंक नको.

'स्टेल फाइल हँडल' म्हणजे क्लायंटला आठवत असलेलं फोल्डर सर्व्हरवर आता त्या रूपात नाही, ते पुसून पुन्हा केलं गेलं असेल किंवा डिस्क बदलली असेल. क्लायंटवर अनमाउंट करून पुन्हा माउंट करा. सुटत नसेल तर लिनक्सवर 'युमाउंट डॅश एल', मॅक आणि फ्रीबीएसडीवर 'युमाउंट डॅश एफ'.

जुन्या सर्व्हरच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर लाइट गेल्यावर घड्याळ मागे जातं. एनएफएसचा क्लायंट फाइल बदलली की नाही हे वेळेवरून ठरवतो, म्हणून जुनाच फोटो दिसत राहतो. सगळ्या मशिनींवर 'डेट' टाइप करून वेळा जुळवा, सेल बदला आणि वेळ इंटरनेटवरून घेण्याची सोय चालू ठेवा. वेळ बरोबर असूनही मॅकवरची नवी फाइल उबंटूवर लगेच दिसली नाही तर मिनिटभर थांबा. लिनक्स फोल्डरची यादी ६० सेकंदांपर्यंत आठवणीत ठेवतो, तो बिघाड नाही.

लिब्रेऑफिसची फाइल उघडताना गोठते आणि बाकी सगळं ठीक, असं झालं तर आवृत्ती ३ चं कुलूप अडकलेलं असतं. सर्व्हरवर स्टॅटडी आणि लॉकडी चालू आहेत का, फायरवॉल त्यांना अडवत नाही ना, ते पाहा. आवृत्ती ४ मध्ये कुलूप मूळ पद्धतीतच असल्याने ही कटकट जाते.

राहिलं किरकोळ. मॅक सगळीकडे डॉट-अंडरस्कोअरने सुरू होणाऱ्या छोट्या फायली टाकतो, त्या फोटोंची जादा माहिती ठेवतात, घाबरू नका. कॅमेऱ्याच्या फायलींची नावं एकीकडे मोठ्या आणि एकीकडे लहान इंग्रजी अक्षरांत असतील तर सर्व्हरवर त्या दोन फायली असतात, मॅकच्या स्वतःच्या डिस्कवर उतरवताना एक दुसरीवर बसू शकते. दुकानात विंडोजची मशीन आली, किंवा मॅकच जास्त झाले, तर एनएफएसचा हट्ट न धरता साम्बा (विंडोजच्या पद्धतीने फोल्डर देणारा प्रोग्रॅम) लावा. आणि २०४९ पोर्ट राउटरमधून बाहेरच्या इंटरनेटला कधीही उघडू नका. साध्या रचनेत एनएफएस समोरच्याने सांगितलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतो.

मालवणच्या सर्व्हरच्या डब्यावर मी एक कागद चिकटवला आहे, प्लास्टिकच्या पिशवीत, दमट हवेने शाई फुटू नये म्हणून. त्यावर सर्व्हरचा आयपी, दोन्ही आवृत्त्यांचे फोल्डरचे रस्ते, सगळ्या मशिनींचे युआयडी, एक्स्पोर्ट्सच्या ओळी जशाच्या तशा आणि सेल कधी बदलला ती तारीख. आता फोन आला की मावसभाऊ आधी तो कागद हातात घेऊन माडीवर उभा राहतो, आणि मी विचारतो, "पिंग जाताहा?"